जास्वंदीपर्यंतच

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नाही यावर टीव्हीवर भांडण लागलं की मी आवाज बंद करते आणि नुसती माणसं बघत बसते. नवरा विचारतो, "तुझं काही मत नाही का यात? जन्मभर शिकवलंस तू." मी म्हणते, "दोन्हीकडचं थोडं थोडं बरोबर आहे." हे काही माझं मत नव्हे. माझं मत सांगायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागेल, आणि ते मी अजून त्यालाही सांगितलेलं नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडपासून जरा आत आमची मराठी शाळा होती. बी.एस्सी., बी.एड. होऊन मी तिथे नुकतीच लागले होते, विज्ञानाला. वय तेवीस. विज्ञान शिकवणारी बाई मी एकटीच, बाकी सगळे सर. आणि घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. नोकरी आणि लग्न हे दोन वेगळे विषय आहेत असं मला तेव्हा एक दिवसही वाटलं नाही.

कारण चौकशी. मुलगी बघायला येण्याआधी वरपक्षाकडचा कुणी काका, कुणी मावसा गुपचूप येऊन जायचा. वाण्याला विचारायचा, शेजारी विचारायचा. कल्याणच्या एका स्थळाकडचे असेच एक गृहस्थ शाळेच्या फाटकाशी येऊन गेल्याचं शिपायानंच मला सांगितलं.

"काय विचारत होते?"

"वागायला कशा आहेत म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, आमच्या बाई वर मान करून बघत नाहीत."

त्याला वाटलं, त्यानं माझं भलं केलं. केलंच म्हणा. पण तेव्हापासून फाटकाशी कुणीही अनोळखी माणूस उभा दिसला की माझी मान आणखी खाली जायची. मुलांना आणायला आलेले आजोबासुद्धा मला चौकशीला आलेले वाटायचे.

त्या वर्षी गणपती उठले आणि मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. गावातल्याच एक स्त्रीरोगतज्ज्ञ नववीच्या मुलामुलींशी बोलायला तयार होत्या. मुलं वेगळी, मुली वेगळ्या, एकेक तास. तेव्हा एड्सची पोस्टरं जिथे तिथे लागली होती, आणि मधल्या सुट्टीत मुलं ती एकमेकांच्या पाठीवर खडूनं उतरवायची. सर म्हणाले, "मुलींबरोबर तुम्ही बसा. डॉक्टर तासाभरात निघून जातील. शंका घेऊन मुली नंतर तुमच्याकडे येणार. तेव्हा तुमची थोडी तयारी हवी."

"हो, सर."

तयारी! लग्नाच्या मुलीची त्या विषयात तयारी आहे ही गोष्ट वाण्यापर्यंत जायला डोंबिवलीत किती वेळ लागतो? मी सरांना सरळ नाही म्हणू शकले असते. ते सज्जन होते, रागावले नसते. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण ओठांवर आणायचीच तर लाज होती. मग मी दुसरी वाट धरली.

आम्ही चाळीत राहायचो, वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर एक काकू होत्या, त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, नववीत. शाळेत मला बाई म्हणायची, जिन्यात भेटली की ताई. काकूंना सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या पाण्याला नळावर असायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना मी सहज बोलल्यासारखं बोलले.

"काकू, नववीला कुणी डॉक्टर येणारेत. चित्रं दाखवणार आहेत म्हणे."

"कसली गं चित्रं?"

"मला काय माहीत? तसलीच असणार. मुलं-मुली एकत्र बसवणार म्हणे."

डॉक्टर येणार एवढं सोडलं तर यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. पण 'म्हणे' लावलं की खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

पालकसभा शनिवारी दुपारी झाली. एरवी चार डोकी यायची, त्या दिवशी हॉलबाहेर चपला मावेनात. सरांनी प्रस्तावना केली. डॉक्टरबाई सुती साडीत शांत बसल्या होत्या. प्रस्तावना संपायच्या आधीच बँकेतले एक गृहस्थ उठले.

"आज व्याख्यान ठेवाल, उद्या प्रात्यक्षिक ठेवाल. आम्ही काय समजायचं?"

हशा झाला. दुसऱ्या एकाला चेव आला. "आम्हाला कुणी शिकवलं होतं हो? अडलं का आमचं काही? चार मुलं आहेत मला!"

"ते दिसतंयच!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायकांनी पदर तोंडाला लावले.

तेवढ्यात आमच्या खालच्या काकू उभ्या राहिल्या. त्या सभेत कधी बोलायच्या नाहीत. "सर, चित्रं दाखवणार आहेत हे खरं का?"

"कुठली चित्रं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच तर मी विचारतेय, कुठली?"

"चित्रं आणणार असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी भिंतीला टेकून उभी होते. काकूंनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सगळेच बोलतायत." मला त्यांनी वाचवलं. त्यांच्या लेखी मी चाळीतली मुलगी, घरातलीच.

डॉक्टर प्रामाणिक होत्या, तिथेच त्या हरल्या. म्हणाल्या, "एखादी आकृती फळ्यावर काढावी तर लागेलच. तुमच्या मुलांच्या पुस्तकातही ती आहे."

"बघा! म्हणजे आहेत चित्रं!"

मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. एकानं विचारलं, "बाई परदेशात राहून आल्यात का?" डॉक्टर म्हणाल्या, "रामनगरची आहे मी." त्यावरही लोक हसले. सोमवारी सरांनी शिक्षकांना मत विचारलं. विरोधात हात वर झाले त्यात माझाही होता. सर माझ्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, असं मला वाटलं. अजून वाटतं.

सभेहून निघताना डॉक्टर माझ्याशी थांबून बोलल्या होत्या. "व्याख्यान राहू दे. पुस्तकातला धडा तरी नीट शिकवा हं. शिकवता ना तुम्ही?"

"शिकवतो की."

कसा शिकवायचो, तेही सांगते. प्रजननाच्या धड्याला आमच्या शाळेत ठरलेला मुहूर्त होता. सहामाही परीक्षा संपायची, दिवाळीची सुट्टी लागायला एखाद-दुसरा दिवस उरायचा, निम्मी मुलं गावाला गेलेली असायची. त्या दिवशी तो धडा काढायचा. आधी वनस्पतींचं प्रजनन, सावकाश, फूल हातात घेऊन. घंटा व्हायला पाच मिनिटं उरली की "माणसाचं घरी वाचा, परीक्षेला येत नाही". माझ्या आधीच्या सरांनी मला हे अगदी आपुलकीनं शिकवलं होतं. "जास्वंदीपर्यंतच जायचं. त्यापुढे जो गेला तो फसला."

मी टोपलीभर जास्वंदी नेल्या होत्या. प्रत्येक बाकावर एक. मधला दांडा, त्यावरची पिवळी पूड, टोकाचे लाल ठिपके, सगळं दाखवलं. खरंच छान झाला तास. मी रंगून सांगत होते की वारा, भुंगा, फुलपाखरू, कुणीही चालतं. पूड टोकाला चिकटली की झालं.

खालच्या काकूंची मुलगी पहिल्या बाकावर होती. गणितात वर्गात पहिली, उंच, दोन घट्ट वेण्या. तिनं हात वर केला.

"बाई, नुसतं चिकटलं तरी पुरतं? नुसतं लागलं तरी?"

"पुरतं. म्हणून तर एवढी फळं धरतात."

"आणि फुलाला नको असेल तर?"

"फुलाला कोण विचारतंय?" मी म्हणाले. वर्ग खो खो हसला. मीही हसले. ती खाली बसली. मग मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, उरलेलं घरी वाचा.

घंटेनंतर मी प्रयोगशाळेत सामान ठेवत होते. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं आणि काचेचं एक कपाट. ती दारात येऊन उभी राहिली. मला ताई म्हणाली, शाळेत असून.

"ताई, चिकटल्यावर किती दिवसांनी कळतं?"

"काय कळतं?"

"धरल्याचं."

"झाडाला?"

मी जाऊन दार लावून घेतलं. मग बंद दाराचा कुणी भलता अर्थ काढील म्हणून अर्धं उघडलं. मग व्हरांड्यातून कुणी ऐकेल म्हणून तिला कपाटामागे घेतलं. एवढी काळजी मी घेतली, आणि ती सगळी माझीच.

"नीट सांग. काय झालंय?"

गणपतीत, चाळीच्या मांडवात, आरतीच्या वेळी मखरामागे ती प्रसादाची ताटं लावत होती. पलीकडच्या इमारतीतल्या एका मुलानं तिचा हात धरला. आरती संपेपर्यंत धरून ठेवला. तिनंही सोडवून घेतला नाही.

"आणि?"

"आणि काही नाही."

"खरं सांग."

"खरंच काही नाही, ताई."

"नुसता हात धरल्यावर कुणी असं विचारतं का? मूर्ख समजतेस मला?"

मघाशीच याच तोंडानं मी तिला सांगितलं होतं की नुसतं लागलं तरी पुरतं. सिनेमात तिनं दोन फुलं एकमेकांवर डुलताना बघितली होती, त्यानंतरच्या दृश्यात पाळणा हलताना बघितला होता. आणि आता विज्ञानाच्या बाईंनी प्रत्यक्ष फूल हातात देऊन तेच सिद्ध करून दाखवलं होतं. तिचं गणित चोख होतं. चूक दिलेल्या माहितीत होती, आणि माहिती माझी होती. हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मला सुचलं ते दुसरंच.

"बाजूला कधी बसली होतीस?"

पाळी हा शब्द मी, विज्ञानाची पदवीधर, उच्चारू शकले नाही. तिच्या घरी अजून ते पाळायचे. त्या दिवसांत ती गॅलरीच्या कोपऱ्यात सतरंजीवर वेगळं ताट-तांब्या घेऊन बसलेली दिसायची. येणारे-जाणारे सगळे बघायचे, लहान मुलंसुद्धा लांबून वळसा घालायची. कुणी काही बोलायचं नाही, पण कुठल्या घरची मुलगी कधी बसली आणि कधी बसली नाही याचा हिशेब अख्ख्या चाळीला असायचा. मलाही होता. गणपतीपासून तो कोपरा मी रिकामाच बघितला होता.

"गणपतीच्या आधी," ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

एक वाक्य पुरलं असतं. हात धरल्यानं काही होत नसतं, वेडे. तेवढं मला माहीत होतं. त्यापुढचं म्हणाल तर मलाही पुस्तकातल्या आकृतीपलीकडे फारसं काही माहीत नव्हतं. पण तेवढं वाक्य होतं माझ्याजवळ. ते मी दिलं नाही, कारण माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. जी विचारते तिला माहीत असतं, आणि जिला माहीत असतं तिनं काहीतरी केलेलं असतं. आम्ही सगळ्याच या हिशेबानं वाढलो होतो. याच हिशेबाला घाबरून मी त्या डॉक्टरांना शाळेबाहेर ठेवलं होतं, आणि तोच हिशेब मी आता या पोरीला लावला. शिवाय मनात आलं, उद्या काही निघालं आणि बाईंना ठाऊक होतं असं झालं, तर?

"घरी जा. डोळे पूस आधी," मी म्हणाले.

संध्याकाळी काकू चकल्या पाडत होत्या. सोऱ्या हातात, कपाळावर पीठ. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

"काकू, हिच्याकडे जरा लक्ष ठेवा."

"का गं? नापास झाली?"

"छे. प्रश्न विचारते."

"मग चांगलंय की!"

"तसले प्रश्न विचारते, काकू."

सोऱ्या थांबला. मी तिथे थांबायला हवं होतं. मी पुढे म्हणाले, "आणि बऱ्याच दिवसांत बाजूला बसलेली दिसली नाही." काकूंनी गॅस बंद केला आणि कढईत तळायला सोडलेल्या चकल्या तशाच राहिल्या.

त्या दिवाळीत खालून आमच्याकडे फराळाचं ताट आलं नाही. घराला दोन दिवस कुलूप होतं. मावशीकडे गेलेत, असं कुणी कुणी म्हणत होतं, आणि म्हणताना एकमेकींकडे बघत होतं. शाळा सुरू झाली. पहिला बाक रिकामा. आठवडाभर वाट बघून मी खाली गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"ठाण्याला नेली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इथे नको म्हटलं, सगळे ओळखतात. काही नाही निघालं."

"देव पावला, काकू."

"डॉक्टरीण उलटी मलाच ओरडली. म्हणाली, गोळ्या कुणी दिल्या मुलीला? गौरींच्या वेळी मीच दिल्या होत्या, पुढे ढकलायच्या. परत घटाला दिल्या. एवढं सोवळ्यातलं घर, ऐन सणात कोपऱ्यात बसवू का तिला? म्हणाली, त्यानंच सगळं मागेपुढे झालंय."

त्या गोळ्या आमच्या घरातही होत्या. गणपतीच्या तोंडावर मेडिकलवाल्याकडे त्या मिळेनाशा व्हायच्या, मग बायका एकमेकींकडून मागून न्यायच्या. गोळी कसली हे ज्या मुलीला घ्यायची तिला सांगत नसत. "घे, सणाची आहे," एवढंच.

"मग झालं तर," मी म्हणाले. "उद्यापासून पाठवा शाळेत. गणित बुडतंय तिचं."

"कशी पाठवू?"

"काही नाही निघालं ना, काकू?"

"निघालं नाही, ते आमचं नशीब. पण काही नसतं तर पोरगी असलं विचारते कशाला? तूच म्हणालीस ना?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

त्या खरंच विचारत होत्या. भांडत नव्हत्या. मी काही वेगळं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, असं मला आज वाटतं. आत, मोरीशेजारी, ती तांदूळ निवडत बसली होती. वेण्या नव्हत्या, केस मागे घट्ट बांधलेले. तिला सगळं ऐकू येत होतं. मी म्हणाले, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल ते," आणि जिना चढून वर आले.

तिला कल्याणला मामाकडे ठेवलं. तिथे शिवणाचा क्लास लावला. सरांनी मला दोन-तीनदा विचारलं, "ती हुशार मुलगी येत का नाही? तुमच्याच चाळीतली ना? जरा समजावून बघा घरच्यांना." मी प्रत्येक वेळी "हो, सर" म्हणाले. वर्ष संपलं. दहावीच्या वर्गात तिचं नाव पुकारलं गेलं नाही, आणि मुलांनी कारण विचारलं नाही. म्हणजे त्यांना कारण पोचलं होतं, आणि ते खोटं होतं.

माझं लग्न ठरलं. सासरकडून चौकशी झाली असणार, आणि माझ्याबद्दल चांगलंच सांगितलं गेलं असणार. मी ठाण्याला आले, तिथल्या शाळेत लागले.

दशक संपता संपता कल्याणला एका लग्नाला गेले होते. कार्यालयात बायकांच्या घोळक्यात ती दिसली. हिरव्या बांगड्या, डोक्यावरून घसरणारा पदर. शेजारी सासू. मी वळणार होते, पण तिनं बघितलं होतं.

"कशा आहात?" तिनं विचारलं. साधं, चांगल्या आवाजात.

"कोण गं?" सासूबाई म्हणाल्या.

"आमच्या चाळीतल्या. शाळेत शिकवायच्या मला."

"असं का!" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मग तुम्हीच सांगा हो. ही शिकली का नाही पुढे? घरचं तर बरं होतं. विचारलं की म्हणते, मला डोकंच नव्हतं. एवढ्या झरझर हिशेब करते, मला काही ते पटत नाही."

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता तरी. वर्गात पहिली यायची हो ही, एवढं म्हणावं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग सोडली का? आणि त्याचं उत्तर त्या कार्यालयात, तिच्या सासूसमोर, कसं द्यायचं? खरं बोलायची माझी वेळ कधीच होऊन गेली होती. आता खरं बोलले असते तर तेही तिलाच भोवलं असतं.

"अभ्यास जरा जड जायचा तिला," मी म्हणाले.

"तसं असेल तर मग ठीक," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैलावला. "मी आपलं काहीबाही मनात आणत होते."

पंगत बसली. आम्ही समोरासमोरच्या ओळींत आलो. सासूबाई जेवता जेवता तिला काहीबाही विचारत होत्या. कुणाच्या लग्नाला कोण आलंय, माहेरचं कुणी दिसलं का. दर वेळी ती आधी मान वर करून, सांगू का विचारल्यासारखी, माझ्याकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. ताक वाढून होईपर्यंत तिचं ते चाललं होतं. मी पानातून वर बघितलं नाही.